बुडबुड्याची साक्ष

महाबळेश्वरच्या बाजारात मध घ्यायला थांबलात, की विक्रेता बाटली उलटी करून डोळ्यांसमोर धरतो. "बघा ताई, कसा सावकाश चढतोय! एकदम प्युअर." आपणही परीक्षकाच्या गांभीर्याने बघतो. मला त्या बुडबुड्याची दया येते. पोटात नुसती हवा, आणि साक्ष द्यायची ती शुद्धतेची!

त्याला कळतो फक्त दाटपणा. मध पाण्याहून हजारो पट चिकट. पाण्यात सेकंदाला वीसेक सेंटिमीटर पळणारा दोन मिलिमीटरचा बुडबुडा मधात वीतभर चढायला पाच-सात मिनिटं घेतो. साखरेच्या घट्ट पाकातही तो असाच रेंगाळेल. शिवाय उन्हाने मध सैलावतो, म्हणजे डिसेंबरात शुद्ध ठरलेली बाटली मे महिन्यात भेसळीची ठरायची!

जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 साली चिकट द्रवातल्या गोळ्याला होणाऱ्या विरोधाचं गणित मांडलं. त्यानुसार त्रिज्या दुप्पट झाली की वेग चौपट. उलट बुडबुडा दहापट बारीक असेल, तर वेग शंभरावा हिस्सा. तीच वीतभर वाट मग दहा तासांच्या घरात जाते. तेवढ्यात आपण रात्रीच्या गाडीने मुंबईहून कोल्हापूरजवळ पोचतो.

मधातला बुडबुडा निदान सरळ तरी जातो. पाण्यात दोनेक मिलिमीटरच्या पुढे गेला, की नागमोडी नाही तर गिरक्या घेत निघतो. लिओनार्दो दा विंचीने हे टिपून ठेवलं होतं. वाट नेमकी कुठे ढळते, याचा काटेकोर हिशोब लागायला 2023 उजाडलं. टोमॅटो सॉसमधला लहान बुडबुडा तर जागचा हलतच नाही. ठरावीक जोर लागेपर्यंत सॉस वाहायचंच नाकारतो, आणि एवढ्याशा हवेत तो जोर कुठला?

बुडबुड्यांचा खरा जाणकार बघायचा तर गुऱ्हाळात जावं. काहिलीतला रस आटत जातो तसे बुडबुडे जड होतात, त्यांचं फुटणं बदलतं. गुळव्या ते बघत उभा असतो. धुरात डोळे बारीक करून तो पाक झाल्याचं ओळखतो, आणि तरीही चमचाभर पाक गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघतोच.