तू कुणाचा रे?

(रंगमंचावर टेबल, खुर्ची, हजेरीपटांची चळत. प्राध्यापक एक कागद नाचवत येतात.)

ऐका हं. नोटीस आहे. 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचे काम पाहण्यासाठी निःपक्षपाती, तटस्थ व होतकरू स्वयंसेवक पाहिजेत. इच्छुकांनी मराठी विभागात भेटावे.'

मराठी विभागात! फिजिक्स विभागात नाही. फिजिक्सवाल्यांना प्रॅक्टिकल असतात. केमिस्ट्रीवाल्यांना प्रॅक्टिकल असतात आणि शिवाय वास असतो. कॉमर्सचे एचओडी, त्यांना पाठदुखी असते. निवडणूक म्हटली की पाठ धरते, गॅदरिंग म्हटलं की पाठ धरते. पेपर तपासणीच्या मानधनाचं बिल आलं की माणूस ताठ उभा! राहिलं कोण? मराठीचा मास्तर. त्याला काय काम? दिवसभर कविता तर वाचायच्या.

कॉलेजचं नाव सांगत नाही. पगार तिथूनच होतो. एवढं सांगतो की पंचगंगा जवळ आहे आणि सकाळच्या लेक्चरला पोरांच्या तोंडाला मिसळीचा वास असतो. साल 2019. प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "सर, आनंदाची बातमी. निवडणुका परत आल्या." मी म्हटलं, "कुणाच्या?" म्हणाले, "पोरांच्या."

आता इथं जे पन्नाशीच्या पुढचे बसलेत ना, त्यांचे डोळे बघा कसे चमकले! त्यांनी बघितल्यात त्या निवडणुका. जीपा, गुलाल, उमेदवार पळवून पन्हाळ्यावर ठेवणं. मग 1989 साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि पुढं 1994 च्या कायद्यानं मतपेटीच उचलून अडगळीत टाकली. नवा नियम आला: वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी. म्हणजे ज्या पोरानं वर्षभर मान वर करून कुणाकडं बघितलं नाही, तोच सगळ्यांचा नेता! त्याला सांगायला गेलं तर तो रडायचा. "सर, मला नको, माझी सीए फाउंडेशन आहे." घरून आई यायची. "सर, आमच्या बाळाचं नाव काढा."

हे असं वीसेक वर्षं चाललं. मग 2016 चा नवा विद्यापीठ कायदा आला. त्यात कलम 99. थेट निवडणूक! अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव गटाचा प्रतिनिधी आणि आपापल्या वर्गाचा प्रतिनिधी. आणि उमेदवाराला एटीकेटी नको.

(थांबून प्रेक्षकांकडे बघतात.)

एटीकेटी नको! अहो, मग उभं कोण राहणार? वर लिंगडोह समितीच्या अटी, 2006 पासूनच्या. हजेरी 75 टक्के. 75 टक्के हजेरी असलेला पोरगा मी नोकरीत पाहिलाय. एकदा. तो चुकून दुसऱ्या कॉलेजच्या वर्गात बसत होता. खर्चाची मर्यादा 5000 रुपये. पाच हजारात आमच्याकडं कुत्र्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होत नाही! आणि छापील पोस्टर चालणार नाही, हातानं काढलेलंच पाहिजे. ज्या पोरांनी चौथीनंतर हातानं काही काढलं नाही, फोन सोडून, त्यांना म्हणे चित्र काढा.

पण उमेदवार हा प्रश्नच नव्हता. उमेदवार ढिगानं आले. प्रश्न होता टेबलावर बसणार कोण? मतदारयादीत नाव शोधणार कोण? रांग कोण लावणार? 'आत मोबाईल नेऊ नको' हे त्या सहा फुटी पैलवानाला कोण सांगणार? मी प्राचार्यांना म्हटलं, "दिल्लीला जेएनयूमध्ये बघा, निवडणूक आयोगच पोरांचा असतो. मुख्य निवडणूक आयुक्तसुद्धा विद्यार्थी. रात्र रात्र जागून मोजणी करतात." प्राचार्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, "सर, ते नाव परत मोठ्यानं घेऊ नका. संस्थाचालक वरच्या मजल्यावर आहेत."

आणि तेवढ्यात दारातनं आवाज. (कमरेत वाकून, तंबाखू मळत.) "सर, येक इचारू का?"

हे मामा. आमचे शिपाई. कॉलेज सुरू झालं तेव्हापासून आहेत. काही लोक म्हणतात, मामा आधी होते, कॉलेज नंतर त्यांच्याभोवती बांधलं.

(मामा.) "सर, येक इचारू का? बोटाला शाई लावनार काय?"

मी म्हटलं, "मामा, ती शाई म्हैसूरला बनते. 1962 पासून अख्ख्या देशाला तिथूनच जाते. आपल्याला कोण देणार?"

(मामा, तंबाखूची डबी उघडत.) "मंग चुना लावू की सर. हितं सगळे लावत्यात."

तर, मुलाखती! मी खुर्ची टाकून बसलो. एकच प्रश्न ठरवला होता. शैक्षणिक पात्रता नको, काही नको. 'तू कुणाचा रे?' बास. जो म्हणेल कुणाचाच नाही, तो आपला.

पहिला आला. बुलेट थेट व्हरांड्यापर्यंत. मी म्हटलं, "तू कुणाचा रे?"

"कुनाचाच न्हाई सर. एकदम न्यूट्रल."

"वा! नाव लिही." पेन दिलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ढोल, हलगी, आणि 'आला रे आला...' पुढचं नाव सांगत नाही, ते आता पालकमंत्री असतील किंवा नसतील, दर आठवड्याला बदलतं. मी म्हटलं, "हे काय?"

"आलार्म हाय सर."

दुसरा. पांढरा शुभ्र शर्ट, कडक इस्त्री, खिशातून कार्ड काढलं. मी वाचतोय: 'युवा नेते, समाजसेवक, भावी'... आणि पुढं जागा मोकळी. मी म्हटलं, "भावी काय?"

"अजून ठरलं न्हाई सर. तिकीट मिळंल ते लिहिनार."

"अरे, तू एस.वाय.बी.ए. आहेस!"

"ते बी भावी हाय सर. दोन विषय र्‍हायलेत."

तिसऱ्याच्या कपाळाला नाममुद्रा, गळ्यात उपरणं, मनगटावर दोरा, गाडीच्या नंबरप्लेटीवर 'साहेब' असा आकडा. "मी कुणाचाच नाही सर." मी म्हटलं, "बाळ, तुझ्या अंगावरच आचारसंहितेचा भंग आहे."

चौथा म्हणाला, "सर, मला तीन नंबरचं टेबल द्या." मी म्हटलं, "का?" म्हणाला, "तिथं वारं चांगलं लागतंय." यादी बघितली. तीन नंबरच्या टेबलावर कोण? टी.वाय.ची मुलगी. वारं!

पाचव्यानं विचारलं, "मानधन किती?" मी म्हटलं, "प्रमाणपत्र आणि वडापाव." म्हणाला, "प्रमाणपत्राचं काय करू सर, ते भाजून खाता येत न्हाई. वडे दोन करा." एनएसएसच्या पोरांचं बरं, त्यांना वर्षाचे 120 तास भरायचे असतात. झाडू मारला काय, लोकशाही राबवली काय, तास तेवढेच!

(मामा.) "सर, येक इचारू का? तुमी सगळ्यांस्नी इचारताय, तू कुनाचा. कॉमर्सच्या सायबांस्नी इचारलासा का?"

मी म्हटलं, "मामा, ते संस्थेचे."

"मंग तुमी?"

(लांब शांतता. प्राध्यापक चष्मा पुसतात.)

पुढचा! पुढचा घ्या!

पुढची आली. बारीक मुलगी, बॅग पोटाशी धरलेली, रोज पहाटेच्या एसटीनं येणारी. "तू कुणाची गं?"

म्हणाली, "सर, मला कुणीच आवडत नाही."

मला भरून आलं. मी म्हटलं, "बस. चहा घे. मामा, हिला खुर्ची द्या, पाठीची द्या!" हिनं कलम 99 वाचून आणलं होतं. अख्खं! आणि आमचे कॉमर्सचे एचओडी तिला सांगतायत, "एका मतदाराला एक मत." ती शांतपणे म्हणते, "पाच, सर. अध्यक्षाला एक, सचिवाला एक, महिला प्रतिनिधीला एक, राखीव प्रतिनिधीला एक, वर्गप्रतिनिधीला एक." त्याच क्षणी साहेबांची पाठ धरली.

मग ट्रेनिंग. मी म्हटलं, आधी लुटुपुटीचं मतदान घेऊ. उमेदवार माणसं नकोत, माणसं घेतली की हाणामारी होते. निरुपद्रवी काहीतरी घेऊ. तांबडा विरुद्ध पांढरा रस्सा.

(पॉज. प्रेक्षकांत कोल्हापूरचे असतील तर त्यांना हसू द्यावे.)

हां, तुम्हाला कळलं. मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही!

मामांनी तेलाचा पत्र्याचा डबा धुऊन, वरून कापून मतपेटी केली. दहा मिनिटांत पॅनल. 'तांबडा परिवर्तन आघाडी'. पांढऱ्याची प्रचारफेरी जिमखान्याला वळसा घालून आली. एक गट उठला, "सर, आम्ही शाकाहारी. आमच्यावर अन्याय. आम्हाला नोटा द्या." दुसरा म्हणाला, "नोटा कशाला, अख्खा मसूर अपक्ष उभा करू." त्याची अनामतही भरली, दहा रुपये, माझ्याकडून उसने घेऊन. जेवायच्या सुट्टीत मेसच्या मावशींना दोन्हीकडच्यांनी पाठिंबा मागितला. मावशी म्हणाल्या, "आदी मागची बिलं भरा."

मतदान झालं. यादीवर खुणा 31. डबा उघडला. चिठ्ठ्या 34!

तांबडा 18. पांढरा 15. एका चिठ्ठीवर नुसतं 'सुकं'.

तीन मतं जास्त आणि तांबडा आला तीन मतांनी. झालं! पांढरावाले जमिनीवर बसले. फेरमोजणी! फेरमतदान! "डबा मामांनी आणलाय आणि मामा तांबड्याचे आहेत!"

(मामा, छातीवर हात.) "आई अंबाबाईच्यान सर, मी दोनी पितो."

आणि ती मुलगी हातातली चिठ्ठ्यांची गड्डी पुन्हा टेबलावर ठेवते, पुन्हा मोजते. मोठ्यानं. एकेक. कुणाकडं बघत नाही. बुलेटवाला ओरडतोय, तरी बघत नाही. तिनं लिहून ठेवलं: 'तीन मतांचा हिशेब लागत नाही. निकाल राखून ठेवला.' सही. वेळ.

मी मनात म्हटलं, ही पोरगी मोठ्या खुर्चीवर बसली ना, तर या राज्यात बऱ्याच लोकांची पाठ धरेल.

मग पाऊस सुरू झाला. ऑगस्टचा. तुम्हाला माहीत आहे कुठला. शिरोलीला पाणी चढलं, महामार्ग बंद, सांगली पाण्यात, इकडं आम्ही पाण्यात. आमच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं येऊन राहिली, त्यांच्या दोन म्हशींसकट. कोण कुठून आलंय, कुणाला औषध हवंय, कुणाचं लेकरू तापलंय, काही कळेना.

आणि ही माझी स्वयंसेवक पोरं. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी तीच टेबलं मांडली, एक, दोन, तीन. तेच कोरं रजिस्टर. नाव, गाव, माणसं किती. रांग लावली, म्हाताऱ्यांना पुढं घेतलं. बुलेटवाला छातीभर पाण्यातनं बिस्किटांचे खोके आणतोय. 'भावी' तो पांढरा शर्ट काढून डेगची घासतोय. पहाटेच्या एसटीची मुलगी घरी जाऊ शकत नव्हती, तिच्याच गावात पाणी होतं. पण टेबलावरनं हलली नाही. मी रात्री दोन वाजता कंदील घेऊन त्या हॉलमधून फिरलो. त्या आठवड्यात एकानंही कुणाला विचारलं नाही...

(आवाज जड होतो. तेवढ्यात मागून.)

"सर! सर! येक इचारू का? त्यो चेक्सचा शर्टवाला दुसऱ्यांदा ब्ल्यांकेट घेऊन गेला. आता काय करायचं? बोगस मतदान हाय!"

(मामा टेबलावरचा मार्कर उचलतात.) "मी आता हरेकाच्या बोटाला लावतो."

लावला! पूरग्रस्त घरी गेले, बोटावर शाई घेऊन. त्याच सुमारास निर्णय आला होता: विधानसभेच्या निवडणुकीमुळं कॉलेजच्या निवडणुका पुढं ढकलल्या. 21 ऑक्टोबरला ह्याच पोरांनी विधानसभेला मतदान केलं. म्हणजे बघा हं, राज्य कुणी चालवायचं ते ठरवायला पोरं शहाणी आहेत. गॅदरिंगला मांडव कुणी घालायचा ते मात्र नको, गडबड होईल.

आणि मग आला नोव्हेंबर. 23 तारीख. मी पहाटे फिरायला जातो. आलो, टीव्ही लावला, पहाटेचा शपथविधी, चहा तसाच गार. नऊ वाजता कॉलेजला गेलो, तर व्हरांड्यात बुलेटवाला उभा. हाताची घडी.

म्हणाला, "सर, तुमी आमाला जून-जुलैत इचारत हुता. तू कुनाचा, तू कुनाचा." आणि मोबाईल पुढं केला. "आता ह्यातलं कोन कुनाचं, तेवढं सांगा. संध्याकाळपर्यंत सांगितलं तरी चालंल, तोवर बदलंल."

(हात जोडतात.) मी मराठीचा मास्तर आहे हो! मी संदर्भासहित स्पष्टीकरण विचारतो, देत नाही!

मग मार्च 2020. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण कॉलेजात कागद वाया जात नाही. दोन वर्षांनी नॅकची समिती येणार म्हटल्यावर प्राचार्य म्हणाले, "सर, ती निवडणुकीची फाईल बेस्ट प्रॅक्टिसमध्ये घाला." मी म्हटलं, "अहो, निवडणूक झालीच नाही." म्हणाले, "तयारी झाली ना? फोटो आहेत ना? घाला." घातली. प्रमाणपत्रं आधीच छापून आली होती, प्रेसवाला स्वस्तात देत होता. 'निवडणूक प्रक्रिया यशस्वीरीत्या पार पाडल्याबद्दल.' ती पण घातली.

समिती आली. अध्यक्ष बाहेरच्या राज्यातले, कडक माणूस. फाईल चाळली. म्हणाले हिंदीत, "बहुत अच्छे. स्टुडंट व्हॉलंटियर्स ने इलेक्शन किया. रिझल्ट क्या रहा?"

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कॉमर्सकडं बघितलं. कॉमर्सनं पाठ धरली. आणि मामा चहाचा ट्रे घेऊन पुढं.

(मामा, ताठ उभे राहून.)

"तांबडा आला सायेब. तीन मतांनी. पर पांढऱ्यानं स्टे आनलाय."

(अंधार.)