मायन्यावर थांबलेले पंत

हेडरपंतांना कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या चित्रात काडीचाही रस नाही. त्यांच्या टेबलावरच्या एखाद्या वेबकॅमसमोर बसा आणि सांगा, "पंत, माझं तोंड हिरवं दिसतंय." ते तोंडाकडे बघणारही नाहीत. "हिरवं? मग हेडरची लांबी एका बाइटानं चुकली," असं म्हणून आनंदानं हात चोळतील. जांभळं दिसत असेल तर आणखी आनंद. नीट माणसासारखं दिसायला लागलात की मात्र त्यांच्या लेखी तुम्ही संपलात. मग चहा घ्यायचा आणि निघायचं.

चित्राच्या आधी कॅमेरा जे दहा-बारा बाइट पाठवतो, म्हणजेच हेडर, तेवढ्यावरच पंतांचा जीव. पूर्वी पत्राला मायना असायचा. तीर्थरूप, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष वगैरे झालं की मग मजकूर. पंत मायना वाचून पत्राची घडी घालणाऱ्यांतले. खाली कोण वारलं आणि कोणाचं लग्न ठरलं, ते ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

या बाइटांत एवढं वाचण्यासारखं काय असतं, हे त्यांना विचारायचं असेल तर संध्याकाळ मोकळी ठेवून जावं. मी थोडक्यात सांगतो. यूएसबीचा कॅमेरा आख्खा फोटो उचलून हातात देत नाही. जुन्या 'फुल स्पीड' यूएसबीवर तो दर मिलिसेकंदाला एक पाकीट सोडतो. त्यात जास्तीत जास्त १०२३ बाइट. वाटेत एखादं हरवलं तर हरवलं, पुन्हा पाठवायची पद्धत नाही. संगणकाकडे पोचतो तो आकड्यांचा नुसता लोंढा. त्यात एक चित्र कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे हेडरवरून ओळखायचं. पण त्या हेडरचा अर्थ सांगणार कोण? विंडोजसाठी ड्रायव्हरची सीडी खोक्यात टाकली की बऱ्याच कंपन्यांचं कर्तव्य संपायचं. लिनक्सवाल्यानं आपलं आपण शोधावं. म्हणून मग विंडोजला एका व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडायचं आणि तिचं नि कॅमेऱ्याचं बोलणं यूएसबीमॉन हे साधन लावून चोरून ऐकायचं. यात गैर काही नाही, हे पंत दर वेळी, कोणी न विचारता, सांगतात.

तैवानच्या सोनिक्स कंपनीच्या एसएन९सी१०२ या चिपवर त्यांचं विशेष प्रेम. ही चिप प्रत्येक चित्राच्या तोंडाशी 'एफएफ एफएफ ०० सी४ सी४ ९६' असं म्हणते. स्वतःच्या स्कूटरचा नंबर विचारला तर वहिनींना हाक मारणारा हा माणूस या सहा बाइटांवर कधी अडखळलेला नाही. पिक्सआर्टच्या चिपा 'एफएफ एफएफ ०० एफएफ ९६' अशी सुरुवात करतात. "पहिले तीन सारखे, शेवटचा सारखा. कुठेतरी नातं लागतंच," असं पंत सोयरीक जुळवणाऱ्या मामांच्या थाटात म्हणतात आणि त्यावर बराच वेळ विचार करतात.

सोनिक्सचं हे हेडर बारा बाइटांचं. सहा बाइट ओळखीचे, उरलेल्या सहांत काय आहे ते शोधायचं. शोधायची रीत अगदी साधी आहे. कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, बोट काढायचं, बॅटरी मारायची आणि कुठला आकडा हलतो ते बघायचं. पंतांचे डोळे पडद्यावर असल्यामुळे बॅटरीचं काम वहिनींकडे येतं. एका रात्री हा प्रयोग चालू असताना मी तिथे होतो.

"लाव," पंत म्हणाले.

"लावली."

"घालव."

"अहो, काय ते एकदा ठरवा."

"लाव, लाव! हलला! अगं, नववा हलला!"

"तुम्ही तर मघाशी आठवा म्हणत होतात."

"आठवा नुसता चुळबुळतो गं. हलतो तो नववा. आणि मी शून्यापासून मोजतोय, तुझ्या हिशेबानं तो दहावा."

दार उघडं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात होत्या. पंतांची सून अमेरिकेत असते, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि वहिनींना हळूच म्हणाल्या, "आठवा, नववा की दहावा, हे नीट विचारून घ्या हो. आणि दहावा असेल तर तिकडचे डॉक्टर करतायत काय?"

खरं तर आठवा आणि नववा मिळून एकच आकडा होतो. चित्राच्या ठरावीक भागातल्या उजेडाची ती बेरीज. आठवा तिचा खालचा बाइट, म्हणून तो कारण नसताना थरथरत राहतो. नववा वरचा, तो खराखुरा उजेड पडल्याशिवाय ढिम्म हलत नाही. ही बेरीज वाचून ड्रायव्हर उजेड कमी-जास्त करून घेतो. म्हणजे खिडकी उघडली की तुमचं तोंड पांढरंफटक पडत नाही, त्यामागे कोणाच्या तरी घरी कोणीतरी बॅटरी धरून उभं राहिलेलं असतं. वहिनींचं नाव ड्रायव्हरच्या कोडमध्ये घालावं, अशी सूचना मी केली होती. पंतांनी ती गंभीरपणे घेतली. वहिनींनी नाही.

पंतांच्या देव्हाऱ्यात देव आहेत तेही याच पंथातले. पहिला मान मिशेल झार या फ्रेंच गृहस्थांचा. पेशानं डॉक्टर, आणि फावल्या वेळात दोनशेहून जास्त वेबकॅमना चालवणारा जीएसपीसीए हा ड्रायव्हर लिहिला. २००८मध्ये ज्याँ-फ्रान्स्वा म्वान यांच्या हातून तो लिनक्सच्या गाभ्यात, २.६.२७ या आवृत्तीत, दाखल झाला. फिलिप्सच्या कॅमेऱ्यांची २००४ची भाऊबंदकी पंत रंगवून सांगतात. चित्र उलगडणारा भाग गोपनीयतेच्या करारात अडकलेला. गाभ्यातल्या मंडळींनी त्याच्यासाठी ठेवलेली फट बुजवली. मूळ लेखक रुसला आणि सगळा ड्रायव्हरच घेऊन निघाला. पुढे ल्युक साइयार यांनी तो भाग स्वतः शोधून काढला. इथे पंतांचा आवाज भरून येतो. मुलाच्या पदवीदान समारंभात तो भरून आला नव्हता, अशी वहिनींची नोंद आहे.

मग पंतांच्या आयुष्यात यूव्हीसी आलं. सगळ्या कंपन्यांनी एकाच पद्धतीनं बोलायचं, असं ते मानक. पहिल्या बाइटात हेडरची लांबी. दुसऱ्यात आठ बिटा आणि जवळजवळ प्रत्येकीचं काम नेमून दिलेलं. एक बिट दर नव्या चित्राला उलटते, एक सांगते की चित्र संपलं, एक चूक झाल्याचं कबूल करते. लॉराँ पँशार यांचा ड्रायव्हर २.६.२६पासून गाभ्यातच बसलेला. कॅमेरा लावला की चालतो. जग खूश झालं. पंतांना जेवण जाईना.

"लावला आणि चालला! यात माणसानं करायचं काय?"

त्यांना सावरलं ते हलगर्जी कारखान्यांनी. मानक झालं म्हणून सगळे पाळतात थोडंच! काही कॅमेरे ती उलटायची बिट कधी उलटतच नाहीत, आणि ड्रायव्हरमध्ये अशा वाह्यात कार्ट्यांची यादी ठेवावी लागते. काही लॅपटॉपांत कॅमेरा कारखान्यातच उलटा बसवलेला. विंडोजचा ड्रायव्हर गुपचूप चित्र सरळ करतो आणि लिनक्सवर माणूस वटवाघळासारखा लोंबतो. त्यासाठी लिबव्हीफोरएल या लायब्ररीत लॅपटॉपांच्या मॉडेलांची यादीच आहे. पीएसी७३०२ या चिपचं चित्र तर आडवं होऊन येतं, तेही उभं करून घ्यावं लागतं. या बातम्या कळल्यावर पंत पुन्हा दोन वेळा जेवू लागले.

मुलानं वाढदिवसाला महागाचा कॅमेरा पाठवला. तो लगेच चालला, म्हणून पंतांनी तो तसाच खोक्यात घालून माळ्यावर टाकला आणि रविवारच्या बोलण्यासाठी जुन्या बाजारातला बिननावाचा कॅमेरा लावला. मुलाला पडद्यावर अर्धी वहिनी आणि खाली राखाडी पट्टे दिसत होते.

"बाबा, आई दिसत नाहीये नीट."

"आई येतेय रे. फक्त कुठे संपते ते कळत नाहीये."

वहिनी शेजारीच होत्या. त्या उठून आत गेल्या. पंत पडद्याकडे बघत म्हणाले, "बघ, आता संपल्याची बिट आली."

जुन्या बाजारात पंतांशी सौदा करणं अवघड आहे. विक्रेता शपथेवर सांगतो, "साहेब, चालू पीस आहे," की पंत तो खाली ठेवतात. "ह्याचं काय सांगता येत नाही" असं म्हटलेल्या कॅमेऱ्यांना ते भाव न करता पैसे देतात. मला हा माणूस वेडा वाटत नाही. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेला वीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा आजही एखाद्या शाळेच्या संगणकावर चालू शकतो, तो याच जमातीच्या जिवावर. फक्त यांच्या घरी राहायला जाऊ नये.

सध्या त्यांच्या टेबलावर एसएन९सी१०३ आहे. हिचं हेडर अठरा बाइटांचं, आणि शेवटचे पाच आवाजाचे आकडे आहेत, असं ड्रायव्हरमधल्या टिपणात लिहिलंय. तेव्हा पंत रात्री साडेदहाला कॅमेऱ्यासमोर बसून टाळ्या वाजवतात आणि तेरापासून सतरापर्यंत (शून्यापासून मोजून) नजर ठेवतात. परवा टाळ्या ऐकून वरच्या काकूंचा नातू हात धुऊन खाली आला. आरतीला उशीर झाला असं वाटून तोही टाळ्या वाजवत उभा राहिला आणि थोड्या वेळानं प्रसाद मागू लागला.

"प्रसाद मिळेल," पंत मान न वळवता म्हणाले. "तू वाजवत राहा. जरा जोरात. सोळावा हलतोय की काय ते बघू दे."