पंगतोत्तर आचारसंहिता

प्रस्तुत आचारसंहिता वजन उतरवण्याचं व्रत घेतलेल्या आणि ते लग्नाच्या पंगतीत मोडलेल्या साधकांसाठी आहे. ज्यांनी असं व्रत घेतलेलंच नाही त्यांनी ती वाचू नये, उगाच भूक लागेल. व्रतभंगाची शास्त्रोक्त लक्षणं तीन. साधक खुर्चीवरून एका दमात उठत नाही. पट्ट्याचं एक घर मागे जातं. आणि बडीशेप चघळत साधक म्हणतो, "आता काय, सोमवारपासून!"

पहिल्या दोन लक्षणांवर उपाय आहे. खरी भीती तिसऱ्याची.

विवेचनाच्या सोयीसाठी एक प्रातिनिधिक साधक घेऊ. त्याचं नाव सांगत नाही. मी त्याला जन्मापासून दादा म्हणत आलेय, एवढं पुरे. वय पन्नाशीपुढचं. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. दादाने तो आकडा कॉलेजात असताना शेवटचा पाहिला. मात्र या वर्षी त्याने खरोखर मनावर घेतलं. रात्रीचा भात सुटला, चहातली साखर गेली, माळ्यावरच्या जुन्या पँटी खाली आल्या. आणि मग मे महिन्यात ताईच्या मुलीचं लग्न निघालं.

केळवण नवरीचं असतं हे मान्य. पण नवरीला एकटीला कसं पाठवणार, म्हणून प्रत्येक केळवणाला मामा सोबत. मग हळद, सीमांतपूजन, लग्न, सत्यनारायण. गुरुवारी दुपारी आमरसाची शेवटची वाटी पालथी घालून मामा उठले तेव्हा व्रत जागेवर नव्हतं.

नियम पहिला : दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभं राहू नये

दादा उभा राहिला. काट्याने दोन किलो जास्त दाखवले. त्याने काटा सरकवून पाहिला, बाथरूमबाहेरच्या फरशीवर ठेवून पाहिला, शेवटी चष्मा काढून पाहिला. मग घरात सुतक लागल्यासारखा चेहरा करून बसला.

आता हिशेब करू. अंगावर एक किलो चरबी चढायला रोजच्या गरजेहून साधारण 7700 उष्मांक जास्त पोटात जावे लागतात. दोन किलोंना 15,400. लग्नातला बेसनाचा मध्यम लाडू दोनशे उष्मांकांचा धरला तर एकूण लाडू झाले 77. दादा, तुझ्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे, पण 77 नाही रे.

मग ते दोन किलो कुठून आले? बहुतेक पाणी. पिठूळ आणि गोड पदार्थांतून आलेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि तिच्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकतं. मठ्ठा, पापड, लोणचं, भजी यांतलं मीठ आणखी पाणी धरतं. शिवाय कालची पंगत अजून आतड्यात मुक्कामाला असतेच. साधं जेवण सुरू ठेवलं की तीन-चार दिवसांत हे पाणी आपण होऊन उतरतं. तोवर काटा माळ्यावर ठेवावा. पँटी खालीच राहू द्याव्यात.

नियम दुसरा : प्रायश्चित्त घेऊ नये

हा नियम आमच्या साधकाला सर्वांत अवघड गेला. आपल्याकडे पाप झालं की प्रायश्चित्त आलंच. शुक्रवारी सकाळी दादाने लंघन जाहीर केलं. घोषणा हॉलमध्ये, सगळे पाहुणे हजर असताना. फक्त कोमट पाणी आणि लिंबू. अकरा वाजता तो उदात्त दिसत होता, एक वाजता चिडका, आणि तीन वाजता त्याने मांडवाच्या हिशेबावरून केटररशी भांडण काढलं. साडेचार वाजता मी स्वयंपाकघरात गेले तर साधक रुखवताच्या डब्यासमोर उभा. हातात करंजी. "चव बिघडली नाही ना, बघत होतो," म्हणाला. त्यानंतर त्याने अनारशांची तब्येतही तपासली.

दिवसभर उपाशी माणूस संध्याकाळी विचार करून खात नाही, सापडेल ते खातो, आणि लग्नघरात सापडतं ते तळलेलं नाहीतर पाकातलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं लंघन मुळीच करू नये. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, आणि मग पुढचा कार्यक्रम मंगल कार्यालयात होत नाही, दवाखान्यात होतो.

प्रायश्चित्ताचा पोटभेद म्हणजे एकादशी. लग्नानंतर लगेच एकादशी आली म्हणून दादाला देवच पाठीशी आहे असं वाटलं. साबुदाण्याची खिचडी, शेजारी दही, वर दाण्याचं कूट, नंतर बटाट्याचा शिरा. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे उष्मांक आणि प्रथिनं नावालाच. शेंगदाणे शंभर ग्रॅम घेतले तर साडेपाचशेच्या वर. जाता जाता एक गंमत. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, गेल्या चार-पाच शतकांत समुद्र ओलांडून आलेले. ते आपल्या देवांना चालतात. ज्वारीची भाकरी, जी इथे कधीपासूनची आहे, तिला मात्र उपासाच्या दिवशी दारात उभं करत नाहीत. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. उपास देवासाठी करावा. वजनासाठी करायचा असेल तर खिचडीची वाटी कोणती ते आधी ठरवावं, कारण दादाची वाटी म्हणजे आमच्याकडचा वरणाचा वाडगा.

नियम तिसरा : सोमवार रद्द

लग्न गुरुवारी. संकल्प सोमवारी. मधले शुक्रवार, शनिवार आणि रविवार कोणाचे?

त्यांचा मालक कोणीच नसतो, आणि म्हणूनच ते बोकाळतात. "आता झालंच आहे तर" हा मंत्र याच दिवसांत म्हटला जातो. झालंच आहे तर उरलेलं श्रीखंड संपवू. झालंच आहे तर रात्री मिसळ खायला जाऊ, सोमवारपासून आहेच की. हे फक्त आमच्या घरी चालतं असा माझा समज होता. पण 1975 साली हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. काही लोकांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम समोर ठेवून चव सांगायला बसवलं. जे एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हते, ते शेकनंतर आइस्क्रीम कमी खाऊ लागले. पोट भरलं, विषय संपला. जे वजनासाठी खाणं आवरून होते, त्यांनी शेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता धरायचं कशाला! थोडक्यात, दादाचा स्वभाव मानसशास्त्रात नोंदवलेला आहे, आणि तो ऐकून दादाला अपराधी वाटण्याऐवजी अभिमान वाटला.

माझा स्पष्ट आरोप असा : दादाचं वजन गुरुवारच्या आमरसाने वाढत नाही. एका जेवणाची ताकद ती किती? ते वाढतं शुक्रवार ते रविवार या बेवारस दिवसांत. आणि पुढचा सोमवार चुकला की त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत.

नियम चौथा

उरलेलं वाटून टाका. आजच.

नियम पाचवा : दोन गुरू एका वेळी करू नयेत

महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला की घर दोन पक्षांत वाटलं जातं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत आटपा; या विचाराचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. ऋजुता दिवेकर सांगतात, आपल्या मातीतलं, ऋतूतलं खा, वेळच्या वेळी थोडं थोडं खा, आणि तुपाला घाबरू नका. दोन्हींपैकी एक वाट नेटाने धरून बारीक झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

दादाने मात्र समन्वयवादी भूमिका घेतली. एकीकडून 55 मिनिटं उचलली, दुसरीकडून तूप. जेवायला बसताना तो मोबाइलवर वेळ लावतो आणि गजर होईपर्यंत ताटावरून हलत नाही. पन्नासाव्या मिनिटाला वहिनी विचारते, "अहो, झालं का?" तर म्हणतो, "अजून पाच मिनिटं आहेत." 55 मिनिटं ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही, हे त्याला मी लेखी देऊन पाहिलं.

नियम सहावा : शतपावली मोजून घालावी, पण शंभर नव्हे

शंभर पावलं म्हणजे जेमतेम सत्तर मीटर. मंगल कार्यालयात तेवढं अंतर ताटापासून पानाच्या टेबलापर्यंत होतं, आणि दादा ते भक्तिभावाने चालतो. परत येताना वाटेत आइस्क्रीम लागतं.

खरा उपयोग हवा तर जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चालावं. चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती जेवढी चढायची तेवढी चढत नाही. खाल्लेलं सगळं चालून जाळण्याच्या भानगडीत पडू नये. एका लाडवासाठी पाऊण तास झपाझप चालावं लागतं, आणि तितकं चालल्यावर माणसाला लाडू हवासा वाटतो.

हे चालण्याचं दादाला मी शिकवायला नको खरं तर. बाबांना मधुमेह होता. रात्री जेवण झालं की दादा त्यांच्या चपला दाराशी काढून ठेवायचा आणि कॉलनीला दोन फेऱ्या मारून आणायचा, पावसात छत्री घेऊन. बाबा कुरकुरायचे, हा ऐकायचा नाही. बाबांचा पाय सांभाळला, डोळे सांभाळले, सगळं वेळेवर. स्वतःची साखर तपासायला सांगितली की याला नेमकं ऑफिसचं काम निघतं. असो. आचारसंहितेत भावना आणू नयेत.

नियम सातवा : वाढप्यांसाठी

इतका वेळ साधकाला धारेवर धरलं, पण निम्मा दोष त्याच्या भोवतालच्यांचा आहे. मार्चमध्ये जी मामी म्हणाली, "काय रे, पोट केवढं सुटलंय!" तीच मेमध्ये म्हणते, "अगंबाई, किती वाळलास!" आणि दोन जिलब्या ताटात टाकते. नको म्हटलं तर, "लग्न काय रोज असतं?" पुन्हा नको म्हटलं तर, "माझ्या हातची नको?" सत्यनारायणाच्या प्रसादाला तर नाही म्हणताच येत नाही, आणि त्यात रवा, साखर, तूप तिन्ही सव्वाच्या मापात. प्रसाद तळहातावर मावेल एवढा घ्यायचा असतो. आमच्याकडे तो द्रोणात देतात आणि द्रोण भरतात.

मामींना विनंती : एकदा विचारा. 'नको' आलं की पुढच्या ताटाकडे जा. प्रेम तिकडेही लागतं.

समारोपाऐवजी वहिनी

दादा मार्गावर कसा आला? सोमवारी नाही. शनिवारी. पाहुणे गेले, आणि वहिनीने दुपारी कुठलाही उपदेश न करता त्याच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि ताक वाढलं. संकल्प नाही, घोषणा नाही, "मी सांगितलं होतं" तर नाहीच. हा मुकाट जेवला, रात्री दहाला झोपला. इतक्या दिवसांच्या जागरणानंतर ती झोपही औषधच. जागलेल्या माणसाला जास्त भूक लागते, आणि तीही गोडाची. आठवड्याने काटा माळ्यावरून खाली आला. त्या दोन किलोंपैकी बहुतेक गेले होते. दादाने याचं श्रेय शुक्रवारच्या लंघनाला दिलं. करंजीचा उल्लेख त्याने केला नाही, म्हणून मी करून ठेवते.

तेव्हा वाचकहो, तुम्ही आजच कुठे जास्त जेवून आला असाल, तर वार बघू नका. भूक लागेल तेव्हा, नेहमीच्या वेळी, मुगाची खिचडी लावा. सोबत ताक आणि एखादी कोशिंबीर. वर तूप चालेल, एक चमचा. चमचा चहाचा, वाढायचा नव्हे.