कोणत्या गाडीचं?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही परभणीकर पाहुण्यांना ऐकवतो आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ ही पाहुणे आम्हाला. पहिली म्हण म्हणजे नुसती फुशारकी, असं बाहेरच्यांना वाटतं. पण जरा हिशेब करून पाहा. जर्मनीच्या बरोबरीला यायला आम्हाला आता एकच वस्तू कमी पडते आहे, आणि ती शंभराच्या नोटेत जोडीने येऊन वर चहाचे पैसे उरतील इतकी स्वस्त आहे. रोबोच्या बॅटरीची वायर मोटारीच्या वायरीला जोडणारा कनेक्टर.

बाकी सगळं पोचलेलं आहे. रोबो तर केव्हाच आला. इथलं कृषी विद्यापीठ १९७२चं. २०१३पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. ‘परभणी मोती’ ज्वारी देणाऱ्या या विद्यापीठात जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पैशातून ‘नाहेप’ प्रकल्प झाला, विषय काय, तर रोबो, ड्रोन आणि आपली आपण चालणारी वाहनं वापरून डिजिटल शेती. शाळांसाठी २०१६पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. घोषणेला कनेक्टर लागत नाही. उद्घाटनाला लागते ती फीत आणि कात्री, आणि या दोन्ही वस्तू परभणीत कुठेही मिळतात. वायर सोलायचं स्ट्रिपर मिळायला मात्र अवघड, म्हणून ते काम पोरं दाताने करतात. तंत्रज्ञानाशी इतकी जवळीक जर्मनांनाही साधलेली नाही.

आता जर्मनीची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. तिथे लिप्पे नावाचा एक जिल्हा आहे. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास. आमच्या जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार होती. त्या एवढ्याशा जिल्ह्यात ब्लॉमबर्गला फिनिक्स कॉन्टॅक्ट आणि डेटमोल्डला वाइडम्युलर, आणि शेजारच्या जिल्ह्यात मिंडेनला वागो. तिन्ही कंपन्या जगाला काय विकतात, तर वायरीला वायर जोडायच्या वस्तू. म्हणजे जर्मनीने नेमकं तेवढंच धरून ठेवलं आणि परभणीने तेवढंच सोडलं. दोघांची मिळून एक वस्तू पूर्ण होते.

आमच्या गल्लीतलं एक पोरगं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या रोबो रेससाठी त्याने गाडा बनवला. बॅटरी लिथियम पॉलिमरची, तीन सेलची, कागदावर ११.१ व्होल्ट, पूर्ण भरली की १२.६. तिच्या तोंडाला पिवळा एक्सटी-६० कनेक्टर कंपनीनेच लावलेला. गाड्याच्या बाजूला त्याचा जोडीदार हवा होता. पोरगं स्टेशन रोडच्या एका दुकानात गेलं. मी शेजारीच बल्ब बदलून घेत होतो, त्यामुळे पुढचा संवाद प्रत्यक्ष ऐकलेला आहे.

“काका, एक्सटी साठ आहे का?”

“कोणत्या गाडीचं?”

“गाडीचं नाही, बॅटरीचं.”

“हां, पण बॅटरी कोणत्या गाडीची?”

“रोबोची आहे.”

“कंपनी कोणती?”

“कंपनी नाही काका, मीच केलाय.”

काकांनी चष्मा वर केला. “मंग पार्ट नाही मिळणार बाबा. कंपनीच नाही म्हणल्यावर पार्ट कुठून यायलाय?”

या युक्तिवादात मला अजून खोट सापडलेली नाही.

पण काका रिकाम्या हाताने कुणाला पाठवत नाहीत. त्यांनी काळी टेप काढली आणि परभणी जिल्ह्याचा सर्वमान्य तोडगा सांगितला: “पीळ मार अन् वरून गुंडाळ.” जिंतूरपासून पालमपर्यंत मांडवाची रोषणाई, पिठाची गिरणी, बोअरची मोटार, सगळं या पिळावर उभं आहे. पिळाचं शास्त्र मात्र थोडं निराळं आहे. सैल पिळाचा अडथळा समजा एक दशांश ओहम आहे आणि गाडा जोर लावताना २० अँपिअर ओढतोय. त्या जागी २ व्होल्ट गळतात आणि ४० वॅट उष्णता तयार होते. दुकानात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे पीळ मारला की आयर्न विकत घ्यायचे पैसेही वाचतात. मे महिन्यात आमच्याकडे टेपचा गोंद तसाही आपणहून सुटतो. मग तो पीळ उघडा पडून शेजारच्या वायरीची विचारपूस करतो. लिथियम बॅटरीला ही सलगी चालत नाही. शॉर्ट झाली तर ती क्षणात शेकडो अँपिअर सोडते, आणि नंतर दुकानात टेप नव्हे, अग्निशामक मागायची वेळ येते.

दुसऱ्या दुकानात पट्टीचा कनेक्टर मिळाला, स्क्रू पिळायचा. तो वाईट नसतो. पण आपल्या पोरांना सगळं भक्कम करायची हौस. ती वायरीच्या तारांना आधी सोल्डर चढवतात आणि मग स्क्रू आवळतात. सोल्डर मऊ धातू, दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू सैल होतो आणि गाडा रेसच्या मधोमध उभा राहतो. तारा मोकळ्या ठेवून वर पिन दाबायची असते. ही पिन, म्हणजे थिंबल, त्याच दुकानात पलीकडच्या बरणीत असते. मागितली नाही म्हणून दिली नाही.

तिसरं दुकान मोबाइलचं. तिथे पोराने जेएसटी मागितला. आता हा जेएसटी म्हणजे जपानची एक कंपनी, १९५७ साली ओसाकात निघालेली, आणि कनेक्टरच्या शेकडो मालिका बनवणारी. त्यामुळे नुसतं ‘जेएसटी द्या’ म्हणणं म्हणजे परभणी स्टँडवर उभं राहून कंडक्टरला ‘एक गाव द्या’ म्हणण्यासारखं आहे. बॅटरीच्या बाजूने जी बारीक पांढरी चार तारांची शेपटी निघते, प्रत्येक सेल सारखा चार्ज व्हावा म्हणून, ती एक्सएच मालिकेची. दोन पिनांमधलं अंतर २.५ मिलिमीटर. पीएच मालिकेचं अंतर २. रोबोच्या किटमध्ये जे काळे ड्यूपॉन्ट येतात, त्यांचं २.५४. चार पिनांपर्यंत एक्सएच आणि ड्यूपॉन्ट दाबून एकमेकांत बसतातही. जोर लावला की सगळंच बसतं, ही आमच्याकडची मूळ श्रद्धा. ती या शून्य दशांश शून्य चार मिलिमीटरने आणखी पक्की होते.

एक्सटीचं कुळ त्या मानाने सरळ. ३०, ६०, ९०. आकडा ढोबळमानाने अँपिअरचा. एका बाजूचे कोपरे छाटलेले, त्यामुळे उलटा बसत नाही. बनवणाऱ्या चिनी कंपनीने इथेच आमच्या लोकांना आव्हान दिलं असं मला वाटतं. नर कोण आणि मादी कोण, यावर मात्र गोंधळ आहे. आतल्या धातूकडे पाहिलं तर जो नर, तोच बाहेरच्या प्लॅस्टिककडे पाहिलं तर मादी. नियम धातूचा. बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी, कारण तिथे वीज सदैव जिवंत असते आणि धातू उघडा राहिलेला परवडत नाही. हे पोराला पाठ होतं. ऑनलाइन माल विकणाऱ्याला नसावं. जोडी मागवली, पाकिटातून दोन्ही नर निघाले. तक्रार करायला गेलं तर पलीकडून उत्तर द्यायला बॉट. ‘आपली अडचण मला समजली आहे,’ असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. एका रोबोची अडचण दुसऱ्या रोबोला समजली नाही तर मग समजणार तरी कुणाला?

मग जुना मार्ग. परभणीतून सायंकाळच्या देवगिरीत बसलं की सकाळी मुंबई. आणि मंत्रालयात फाइल अडकलेला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत असतोच. फाइल हलो न हलो, त्याला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायची यादी दिली जाते. आमच्या गल्लीचे एक निवृत्त गुरुजी पेन्शनच्या कामासाठी जातात. त्यांच्या खिशातल्या कागदावर एका बाजूला अर्जाचा आवक क्रमांक असतो आणि दुसऱ्या बाजूला ‘पिवळा, मादी, दहा नग’. एकदा टेबलावर कागदाची भलतीच बाजू वर आली. फाइलचं काय झालं ते गुरुजी सांगत नाहीत.

जिल्ह्यात कनेक्टर नाहीत असं मात्र म्हणवत नाही. शेतात सौर पंप बसले तसे प्रत्येक पॅनलच्या मागे एमसी-४ आले, चार मिलिमीटरच्या पिनेचे, उन्हापावसात टिकणारे, उत्तम. रोबोला लावायला हरकत नाही. फक्त गाडा बंद करायचा म्हणजे आधी त्याची चावी शोधायची, आणि तोवर गाडा भिंतीत. ई-रिक्षावाल्यांकडे राखाडी रंगाचा ५० अँपिअरचा दणदणीत प्लग असतो. तो लावला तर रोबोला त्याला ओढायलाच एक जास्तीची मोटार लागेल.

खरा माणूस भेटला जिंतूर रोडला. गाड्यांचं वायरिंग करणारा. त्याच्याकडे एक्सटी, जेएसटी हे शब्द नाहीत. त्याच्याकडे ‘कपलर’ आहे. दोन पिनचा, चार पिनचा, सहा पिनचा, बरण्यांवर गाड्यांची नावं. पोराचा गाडा हातात घेऊन त्याने उलटापालटा केला आणि विचारलं, “किती अँपिअर? आणि फ्यूज कुठंय?” प्राध्यापक, परीक्षक, लॅबची पाहणी करून गेलेली समिती, यांतल्या कुणाच्या तोंडून मी फ्यूज हा शब्द आजवर ऐकलेला नाही. पोरगं गप्प. वायरिंगवाल्याने बॅटरीच्या लाल वायरीत, तिच्या तोंडापासून बोटभर अंतरावर, फ्यूजचा होल्डर घातला, पक्कडीने पिन दाबली, ओढून पाहिली. छोट्या पिवळ्या बीओ मोटारींसाठी मोपेडचा दोन पिनी कपलर पुरे, त्यांना लागतंच कितीसं, असं त्याचं मत. मोठ्या मोटारीला पोराचा पिवळाच बरा. मला हे कुठल्याही प्रकल्प अहवालापेक्षा शहाणपणाचं वाटलं. शाळेच्या लॅबमध्ये पाच किटचे पाच जातीचे कनेक्टर ठेवून वर्षभर त्यांची सोयरीक जुळवत बसण्यापेक्षा, दोनच जाती ठरवाव्यात आणि बाकीचे सरळ कापून टाकावेत. पण कापलेल्या मालाची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद कशी करायची, यावर मुख्याध्यापकांची झोप उडेल, म्हणून ते कनेक्टर कपाटात कुलूपबंद राहतात. ऑडिटला पूर्ण भरतात.

जिंतूर रोडच्या त्या माणसाने पोराकडून पिवळा नमुना मागून घेतला. कोपरे छाटलेले आहेत हे बघून खूश झाला. महिनाभराने गेलो तर ‘स्प्लेंडर कपलर’च्या शेजारी नवी बरणी, वर खडूने ‘रोबो कपलर, उधार बंद’. पोराला घाईघाईने पाठवलं. बरणी रिकामी. रोबोवाला एकही आला नव्हता. पाथरी-मानवतचे शेतकरी घेऊन गेले, बॅटरीच्या फवारणी पंपांना लावायला. फवारणीच्या गडबडीत गड्याने वायर उलटी जोडून पंप जाळला, हे दरवर्षीचं. हा कपलर उलटा बसतच नाही म्हटल्यावर एकाने नेला, त्याचं बघून बाकीच्यांनी.

पुढचा माल कधी, असं पोराने विचारलं. तो म्हणाला, “तुमच्या गल्लीतले गुरुजी मुंबईला कधी चाललेत?”