पाणी जाणार कुठे?

बाथरूमच्या सामानाच्या शोरूममध्ये पाणी कुठून कुठून येऊ शकतं याला सुमार नसतो. छतातून येतं, भिंतीतल्या सहा तोंडांतून येतं, पातळ पट्टीतून चादरीसारखं येतं. आणि आपल्या सोज्ज्वळ घराण्यात आजवर जिथून कधी आलं नाही तिथूनही रिमोटचं बटण दाबल्यावर येतं. टाय लावलेला मुलगा हे सगळं हौसेने दाखवतो. त्याला एकदाच विचारून पाहा, "बाळा, हे सगळं पाणी जाणार कुठे?" तो आधी तुमच्याकडे बघतो, मग मॅनेजरकडे.

उत्तर शोरूममध्ये नसतंच. ते मिस्त्रीकडे असतं, आणि मिस्त्री गावाला गेलेला असतो.

साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोत घरोघरी न्हाणीघरं होती. विटांची घट्ट जमीन आणि तिला नाल्याकडे उतार. पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीतही न्हाणीघराला उतार होता, फक्त तो दाराकडे होता. अंघोळ आत एकाची व्हायची आणि पाय पॅसेजमधल्या सगळ्यांचे धुतले जायचे. म्हणून सगळं उखडून नवीन करायचं ठरलं.

हिशेब काही अवघड नाही. ऐंशी फुटांना एक फूट, म्हणजे पाच फुटांच्या बाथरूमला जेमतेम पाऊण इंच. पण हा पाऊण इंच मिस्त्रीच्या स्वाभिमानाशी जोडलेला असतो. लेव्हल पाइप लावा म्हटलं की तो म्हणतो, "साहेब, वीस वर्षं काम करतोय, नजरेत बसलंय." त्यातून सौभाग्यवतींना चार बाय दोनची टाइल हवी होती. एवढी मोठी टाइल एका जाळीकडे चहूबाजूंनी कशी कलणार? ती एका बाजूला कलते, बाकीच्या तीन बाजूंना तिचं काही देणंघेणं नसतं. जमिनीला छोटीच टाइल घ्यावी, तीही खरबरीत, आणि चकाकणारी सगळी हौस भिंतीवर भागवावी. सिमेंट ओलं आहे तोवर बादलीभर पाणी ओतून बघावं. मिस्त्रीला राग येतो. येऊ द्यावा. त्याचा राग चहाने जातो, उलटा उतार घणाने.

कोकणात आजोळी हा प्रश्न कुणाला पडतच नसे. न्हाणीतलं पाणी दगडी पन्हळीतून निघायचं ते थेट मागच्या माडाच्या आळ्यात. वाटेत अळूही आपला वाटा घ्यायचं. घरात माणसं जितकी जास्त आंघोळी करतील तितके नारळ.

फ्लॅटमध्ये माडाच्या जागी खालचे शेजारी असतात. त्यांना पाणी मिळाल्याचा आनंद होत नाही. त्यांच्या छताला आधी एक डाग येतो, मग पोपडे येतात, मग ते स्वतः येतात. बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती सोसायटीकडे आणि आतल्या संडास-मोरीची गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने, असं सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. तरीही सभेत "हे पाणी नेमकं कुणाचं?" यावर तासभर चर्चा होते आणि तोवर पाणी आणखी एक मजला उतरतं. यावर उपाय एकच. टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बंद करून आत पाणी भरायचं आणि निदान दोन दिवस ते तसंच ठेवायचं. त्या दोन दिवसांत खालच्या काकूंना छताकडे लक्ष ठेवायची विनंती करावी लागते. आमच्या काकू तर वहीत वेळा लिहून ठेवत होत्या. डाग आला नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

जाणाऱ्या पाण्यापैकी थोडं मात्र अडून राहावं लागतं. १७७५ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या पाइपला वळण देण्याचं पेटंट घेतलं. त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातली हवा घरात शिरत नाही. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपचं कामही तेच. दोन इंच पाणी, बस्स. साऱ्या शहराच्या गटारांपासून आपल्याला वाचवणारी तटबंदी एवढीच! पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली बाथरूम महिनोन्‌महिने कोरडी राहते, वळणातलं पाणी उडून जातं आणि घरभर वास सुटतो. कुणी उदबत्ती लावतं, कुणी बाटलीतलं केमिकल ओततं, कुणी अख्खी लाइन फोडायचा सल्ला देतं. आठवड्यातून एक तांब्या पाणी ओतलं की काम भागतं. पण फुकट सल्ल्यावर विश्वास कोण ठेवणार?

येणाऱ्या पाण्याचंही एक सांगून टाकतो. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, टाकी आमच्याच डोक्यावर, आणि जोर मात्र तळमजल्याच्या नळाला. दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब मिळतो. आमच्या वाट्याला उंचीच दहा फूट. धो धो पावसाचा शॉवर घेतला, तर तो आमच्याकडे मृगाआधीच्या तुरळक सरींसारखा पडतो. पंप लावावा, नाहीतर बादली-मग हे स्वतंत्र संस्थान मानून त्यांना मानाची जागा द्यावी. आजकालच्या नकाशात कमोडला जागा असते, बेसिनला असते, काचेच्या पार्टिशनलाही असते. बादली मात्र दारामागे, निर्वासितासारखी.

समोरच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी तर टब बसवला. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरून शहरांच्या योजना आखतात, आणि टब एका भरणीत तेवढं सहज पितो. म्हणजे टबात उतरायचं तर त्या दिवशी पाणी प्यायचं नाही, भांडी घासायची नाहीत आणि संडासला तर जायचंच नाही. एप्रिलपासून आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. तेव्हा तो टब काठोकाठ भरलेला असतो, वर प्लायवुडचं झाकण आणि झाकणावर मग. मी त्यांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"जाणार कुठे म्हणजे?" ते दचकून म्हणाले. "बूच मी एम-सीलने बंद करून टाकलंय!"