रोज एक पान: साहित्य, विधी आणि सोसायटीचे आक्षेप

निसर्गचित्रांची वही रोज भरायची, हा संकल्प सोडायला रविवारची रात्र उत्तम. सोमवारी सकाळी तो मोडतो आणि आठवडा मोकळा मिळतो. ज्यांना असं मोकळं व्हायचं नाही, अशा हट्टी मंडळींसाठी हे मार्गदर्शन.

आधी साहित्य. पुणेकरांनी अप्पा बळवंत चौक गाठावा, इतरांनी आपापल्या गावातला. काउंटरवरून "किती जीएसएम?" असा प्रश्न येईल. घाबरू नये. कागद किती जाड, एवढंच त्यांना विचारायचं असतं. ज्यांना चित्रं काढायची नाहीत, फक्त चित्रकार व्हायचं आहे, त्यांनी 300 जीएसएमची, हाताने शिवलेली, कापडी बांधणीची वही घ्यावी. एवढ्या किमतीच्या पानावर बुलबुल बिघडवायची कुणाची छाती होत नाही. वही कोरी राहते, कपाटात शोभते आणि पुढे भाच्याच्या वाढदिवसाला कामी येते. बाकीच्यांनी शाळेजवळच्या दुकानातली साधी चित्रकलेची वही आणि 2बी पेन्सिल आणावी. एचबी जरा कडक पडते, 6बी निम्मी तळहातावर उतरते. खोडरबर आणू नये. फांदी जिथे चुकली तिथे ती चुकलेलीच दिसू द्यावी, म्हणजे दुसरी रेघ कुठून काढायची ते कळतं.

साहित्य जमलं, तरी खरा अडथळा आपल्या मनगटात दबा धरून बसलेला असतो. दोन डोंगर, मधोमध सूर्य, डोंगरातून थेट झोपडीच्या दारात येणारी नदी, एक नारळ आणि आकाशात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. हे चित्र महाराष्ट्रात शिकवावं लागत नाही, ते अंगातच असतं. जिथे नारळाचं झाड औषधालाही नाही, तिथली पोरंही नारळ काढतात. एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्र नावाचा रीतसर विषय असे. त्यात आपण इतके तयार झालो, की समोर खराखुरा डोंगर आला तरी त्याच्याकडे पाठ करून आठवणीतला डोंगर काढतो.

यावर उपाय एकच. पहिले काही महिने 'दृश्य' म्हणून प्रसिद्ध असलेल्या कुठल्याही ठिकाणी वही नेऊ नये. महाबळेश्वर, माथेरान, सगळं वर्ज्य. खिडकीच्या ग्रिलवर जे येऊन बसेल ते काढावं. बहुतेक वेळा कावळाच येईल, आणि तो उत्तम. कावळा काळा असतो हे आपल्याला बालवाडीपासून ठाऊक आहे, म्हणून आपण त्याच्याकडे कधी पाहिलेलंच नाही. ग्रिलवर येणाऱ्या घरकावळ्याची मान राखाडी असते. पूर्ण काळा तो डोमकावळा, त्याची चोचही जाड. मुंगीचंही तेच. बसला चाकं लावावीत तसे आपण तिच्या अंगभर पाय वाटून टाकतो. प्रत्यक्षात सहाच्या सहा पाय मधल्या भागालाच जोडलेले असतात. मागचा टपोरा भाग नुसताच मागून येत असतो.

पाच मिनिटांपैकी तीन मिनिटं बघावं आणि दोन मिनिटं काढावं. उलट करू नये. यासाठी गुलमोहर फार सोयीचा आहे. मे महिन्यात फूल पायाशी येऊन पडतं, चढावं लागत नाही. ते तळहातावर घ्यावं. पाकळ्या पाच. चार लालभडक आणि सारख्याच वाटणाऱ्या. पाचवी मात्र वेगळी, पांढरट पिवळसर आणि वर लाल शिंतोडे. कडा चुण्या पडल्यासारख्या, खाली देठ निमुळता. ती पाचवी पाकळी काढायला बसलं की दोन मिनिटं कधी संपली ते कळत नाही, आणि चारही लाल पाकळ्या तशाच राहून जातात. राहू द्याव्यात. एका पानावर एक पाकळी, हा भरपूर हिशेब झाला.

एवढ्याशा विषयाची लाज वाटू लागली, तर आल्ब्रेख्त ड्यूररचं स्मरण करावं. या जर्मन चित्रकाराने 1503 साली गवताचं एक ढेकूळ जलरंगात रंगवलं. पातं न् पातं, मुळं, खालची ओली माती. ते आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यात सूर्य नाही, डोंगर नाही, झोपडी तर नाहीच. आपल्याकडच्या परीक्षकांनी 'विषय अपूर्ण' म्हणून त्याला सी ग्रेड दिली असती.

आता सोसायटी. हातात वही घेऊन झाडाकडे टक लावून बघणारा माणूस महापालिकेचाच असतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वॉचमन आधी येईल. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका उतरतील आणि 1975 च्या झाडांच्या कायद्याचा दाखला देऊन, परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येणार नाही असं बजावतील. त्यांचं म्हणणं रास्त आहे. वाद घालू नये. ते बोलत असताना त्यांच्या नाकाची रेघ घेऊन ठेवावी. नाकही निसर्गातच मोडतं.

काढलेलं पान स्टेटसला ठेवावं का, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी पडतो. कोल्हापूरच्या कोटितीर्थाकाठी आबालाल रहिमान वर्षानुवर्षं तिथलं पाणी आणि झाडं रंगवत राहिले. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली बरीच चित्रं त्याच तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. इतक्या टोकाला जायची गरज नाही. स्टेटस न ठेवणं पुरेसं आहे. ठेवलंत तर "छान! डोंगर कुठंय?" असं मावशी विचारणार, आणि चौथ्या दिवशी पानावर डोंगर उगवणार.

खाडा पडला तर पडू द्यावा. रविवारी बसून सात पानांची भरपाई करणारे लोक पुढच्या रविवारी दिसत नाहीत. पावसाळ्यात कोकणात रंग वाळत नाहीत, तिथे चार महिने पेन्सिलवरच काढावेत. नाव ठाऊक नसलेल्या झाडाखाली 'पार्किंगमधलं तिसरं' असं लिहून खुशाल तारीख टाकावी.

राहता राहिली वही रोज उघडण्याची शिस्त. त्यासाठी मागच्या पानांवर दुधाचा हिशेब सुरू करावा. कालनिर्णयच्या चौकोनातून तो इकडे हलवायला घरातून थोडा विरोध होईल, तो सोसावा. दूधवाला काही खाडा करत नाही. मग सकाळी सातला वही हुडकणं, आणि पेन्सिल कुणी नेली म्हणून ओरडणं, ही एकट्याची जबाबदारी राहत नाही.