आंबे खायला या

कोकणातल्या उन्हाळी सुट्टीबद्दल मुंबई-पुण्याकडे फार गैरसमज आहेत. झाडाखाली आरामखुर्ची, हातात हापूस, समोर समुद्र, वगैरे. आमच्या गावातून समुद्र दिसत नाही. आरामखुर्ची आहे, पण तिच्यावर कायम कुळीथ वाळत घातलेले असतात. आणि हापूस हातात पडतो तो दुसऱ्या हातात कोयता, खराटा किंवा घमेलं असेल तरच. मजूर मिळेनासे झाल्यावर राजापूर तालुक्यातल्या समस्त काकालोकांनी मिळून ही सुट्टी काढली असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाऊकाकांचा फोन मार्चमध्येच येतो. "मोहोर बरा धरलाय. पोरांच्या परीक्षा आटपल्या की आंबे खायला या." एवढं बोलून ते फोन ठेवतात. आंब्याव्यतिरिक्त काय काय करायचं आहे, ते फोनवर सांगायची पद्धत नाही.

फोन ठेवल्याबरोबर तिकिटाची लढाई सुरू होते. आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. घरातला प्रत्येक जण आपापला मोबाइल सरसावून बसतो, आणि 8 वाजून काही मिनिटांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या आकड्याची वेटिंग लिस्ट मिळालेली असते. आम्हाला सोयीची तुतारी एक्स्प्रेस. केशवसुतांच्या कवितेवरून नाव दिलेली ही गाडी दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. ही पाच मिनिटं भल्याभल्यांना भोवली आहेत, कारण 10 तारखेचं तिकीट असेल तर घर सोडायचं असतं 9 तारखेच्या रात्री. आमचे डोंबिवलीचे काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. व्याजाचे हिशेब तोंडी करणारा माणूस. ते एकदा 10 तारखेच्या रात्री साडेअकराला सहकुटुंब, सहट्रंका ठाण्याच्या फलाटावर येऊन उभे राहिले. त्यांची गाडी तेव्हा सावंतवाडी गाठून परतीच्या वाटेला लागली होती. तेव्हापासून ते कोकणात एसटीने येतात आणि एसटीच कशी बरी ते आपल्याला समजावून सांगतात.

गाडीत झोप लागत नाही. वरच्या बर्थवरून दर तासाला कोणी तरी "चिपळूण आलं का?" विचारतं आणि खालून कोणी तरी न बघताच "गेलं" म्हणतं. उजाडता उजाडता उक्षी मागे पडते आणि करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर अंधार, मोबाइलला रेंज नाही. आमच्या घरातली माणसं एकमेकांशी सलग बोलतात ती एवढ्याच अंतरात. यंदा मुलाने त्या अंधारात "बाबा, भाऊआजोबा नक्की काय करतात?" असं विचारलं. मी सांगायला सुरुवात केली तोवर बोगदा संपला आणि त्याची मान पुन्हा खाली गेली. रत्नागिरी सोडली की पानवलचा पूल येतो, 64 मीटर उंच. पूल आला की आत्या खिडकी लावून घेते. खिडकी लावल्याने पुलाच्या उंचीत काय फरक पडतो, हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

राजापूर रोड स्टेशनावर उतरलं म्हणजे राजापूरला पोचलं असं नव्हे. नावात 'रोड' आहे तो उगाच नाही. तो सगळा रोड पुढे रिक्षाने कापायचा असतो. फणसाच्या सावल्या, लाल धूळ, जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे. बायको म्हणाली, "किती शांत वाटतं ना!" अंगणात शिरलो तर शिडी लावून ठेवलेली होती.

"आलात? चहा घ्या आणि जुने कपडे घाला," भाऊकाका म्हणाले. "आज मागची बाजू उतरवू."

इथे काकांची बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कौलं परतून झाली की माणूस निर्धास्त असे. 2025 साली पावसाने सगळा रिवाज मोडला. 25 मेलाच मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला. अर्धं छप्पर उघडं, माजघरात पाणी, अंगणात वाळत घातलेली आमसुलं वाहून चाललेली, आणि काका छत्री धरून वाशांकडे बघत उभे. त्या दिवसापासून त्यांचा पंचांगावरचा विश्वास उडाला. आता मे उजाडला की ते दिवसातून दोनदा नैर्ऋत्येकडे बघतात, आणि त्या नजरेत आमच्याबद्दलही फारसा विश्वास नसतो.

आमच्या घरावर मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी 1865 च्या सुमाराला मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या कौलांनी सगळी किनारपट्टी शाकारली. कौल अतिशय गुणी वस्तू आहे. फक्त त्याच्यावर शेवाळ धरतं, पानं अडकतात, आणि माकडं नाचतात. माकडं नसती तर काकांना आयुष्यात शत्रू उरला नसता. फणसावरून पडवीवर, पडवीवरून आढ्यावर, तिथून शेजारच्या अण्णांच्या माडावर अशी त्यांची ठरलेली वाट आहे आणि दर उडीला कौल सरकतं किंवा तडकतं. म्हणून दरवर्षी ओळीने सगळी कौलं उतरवायची, घासायची, तपासायची आणि परत चढवायची.

वर कणकवलीकडचे दोन गडी, खाली आम्ही. वरून कौल सुटतं ते हातोहात अंगणात येतं. घरी स्वतःचं ताट उचलून न ठेवणारा माझा मुलगा या साखळीत मधोमध उभा होता आणि मागच्याला "लवकर घे ना!" म्हणून ओरडत होता. साखळीच्या शेवटी भाऊकाका. प्रत्येक कौल ते डाव्या तळव्यावर आडवं धरतात, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी देतात आणि कान देऊन ऐकतात. खणखणीत वाजलं तर उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडे. बद्द वाजलेल्या कौलाला नुसत्या डोळ्यांना चीर दिसत नाही. काकांना ती ऐकू येते. माणसांनी मारलेल्या हाका मात्र ऐकू येत नाहीत. माझ्या मेहुण्याने, "काका, यासाठी एखादं ॲप..." एवढं म्हटल्यावर त्यांनी त्याच्या हातात तारेचा ब्रश दिला आणि शेवाळ काढायला बसवलं.

छपरावर चढायला फक्त पुतण्या आनंदाने तयार असे. तो आयटीत आहे आणि 'वर्क फ्रॉम होम' घेऊन आला होता. आमच्या घरात मोबाइलची धड रेंज येते ती एकाच ठिकाणी, आढ्यावर. एका दुपारी तो आढ्याला टेकून, डोक्याला राजापुरी पंचा गुंडाळून बंगळुरूच्या साहेबांशी बोलत होता. साहेबांनी विचारलं, मागे कसला आवाज येतोय? "बांधकाम चालू आहे सर," तो म्हणाला. खालून गडी ओरडला, "रिपेर पाय ठेव नको रे, खाली येशीत!" मीटिंग तिथेच संपली.

छप्पर उघडं असताना माजघरात ऊन येतं. तिथे एरवी दुपारीही दिवा लावावा लागतो. उजेडात पाहिल्यावर माईकाकूंच्या लक्षात आलं की भिंतही रंगवायला झाली आहे. उन्हाळ्यात गावी गेल्यावर घरात फार उजेड पडू देऊ नये.

काकूंचं खातं परसात. तिथे रातांबे. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, मग सालांना मीठ घातलेल्या रसाची पुटं देत देत वाळवायचं, की आमसुलं होतात. वाचायला सोपं आहे. बायको आणि बहीण पाटावर बसल्या तेव्हा दोघींनी 'दहा मिनिटं मदत करू' असं ठरवलं होतं. उठल्या तेव्हा दोघींचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते आणि पुढे कितीतरी दिवस तसेच राहिले. आंब्याची साठं राखायचं काम मुलांकडे. ताटात तूप चोळून त्यावर आंब्याचा रस पसरायचा, उन्हात ठेवायचा, कावळे हाकायचे. संध्याकाळी काकूंनी ताटं मोजली आणि म्हणाल्या, "कावळे परवडले."

फणसाबद्दल मेहुणा कोणाचं ऐकायला तयार नव्हता. त्याने व्हिडिओ पाहिला होता. हाताला आणि कोयत्याला खोबरेल तेल लाव, असं काकू स्वयंपाकघरातून सांगत होत्या. त्याने पांढऱ्या कुर्त्यात उभं राहून पहिला घाव घातला. चीक कुर्त्याला, चीक मनगटावरच्या घड्याळाला, चीक मिशीला. घड्याळ रोज किती पावलं चाललो ते सांगणारं होतं, ते त्यानंतर बोललं नाही. फणस निघाला बरका. आत्याने न बोलता त्याचा रस काढून तांदळाच्या रव्यात घातला आणि सांदणं केली. ती मात्र अशी झाली की मेहुण्याने मिशीचं दुःख गिळलं.

आणि आंबे? आंबे होते. झेल्याने उतरवलेले, पेंढ्यात आढी लावलेले, घरभर वास सुटलेला. पण निवडक फळ पेटीत भरून वाशीला जातं. घरच्या माणसांनी खायचे ते डागी, पडीचे आणि एका बाजूने माकडाने चाखलेले. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर तर चांगल्या आंब्याकडे काका अशा आदराने बघतात की तो मागायचा धीर होत नाही.

विश्रांती म्हणून एक दिवस सहल काढली. भर मे महिन्यात काकांनी आम्हाला उन्हाळे गावातला गरम पाण्याचा झरा दाखवायला नेलं. सगळ्यांनी पाण्यात पाय घातले आणि लगेच काढले. जवळच राजापूरची प्रसिद्ध गंगा. ती आपल्या मर्जीने प्रकटते आणि मर्जीने जाते. आम्ही गेलो तेव्हा ती आलेली नव्हती. तिला कोणी आंबे खायला बोलावत नसावं.

परतताना राजापूरच्या बाजारात केक घ्यायचा गुप्त बेत होता, कारण काका-काकूंच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं झाली. काकांना असले समारंभ मान्य नाहीत. "झालं ते झालं, त्याचं काय एवढं?" असं त्यांचं लग्नाविषयीचं धोरण आहे. म्हणून ते जवाहर चौकात माझ्या मुलाला पुराचं पाणी कुठवर चढतं ते दाखवत होते, आणि पुढे शिवाजी महाराजांनी 1661 साली इंग्रजांची वखार कशी खणून काढली त्यात शिरले होते, तोवर बायकोने केक घेतला. त्यावर गुलाबी क्रीमने मोठे '50'. एसटीत खोका तिने मांडीवर धरला. ऊन, वळणं, खड्डे आणि शेजारी कोंबडी घेऊन बसलेल्या आजी. आजींनी विचारलं, "आत काय जिवंत हाय?"

संध्याकाळी ओटीवर खोका उघडला. क्रीम घाटाच्या दिशेने सरकलं होतं. पन्नासातले पाच झाकणाला चिकटले होते आणि केकवर नुसतं शून्य उरलं होतं. सगळे गप्प. काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे."

काकूंनी झाकण पुढे ओढलं, पाच बोटाने पुसून खाल्ले आणि म्हणाल्या, "माझे मी घेतले."

त्याच दिवशी शेवटचं कौल चढलं होतं, म्हणून नारळही ठेवला. दोघांतल्या थोरल्या गड्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, आज ह्या घराची कौला परतान झाली..." "व्हय म्हाराजा!" "भाऊ नि माईच्या लग्नाक पन्नास वर्सा झाली..." "व्हय म्हाराजा!" "ही चाकरमानी लेकरा दर वर्सा अशीच कामाक येवंदेत..." इथे आमच्याकडून होकार जरा दबका आला. "आणि ह्या माकडांका दुसऱ्याच्या घरार धाड रे म्हाराजा!" या मागणीला भाऊकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. शेजारचे अण्णा तेवढे गप्प होते.

निघताना सामान येतानाच्या तिप्पट. आमसुलं, आठळ्या, कुळथाचं पीठ, फणसाचे पापड, एक अख्खा कापा फणस, आणि कावळ्यांच्या व मुलांच्या तावडीतून वाचलेली साठं. डब्यातल्या लोकांनी वासावरून आम्हाला ओळखलं आणि जागा करून दिली.

जूनमध्ये धो धो पाऊस लागल्यावर काकांना फोन केला. घर एक थेंब गळत नाही, माकडं अण्णांकडे असतात, असं कळलं. आमचा इकडचा सिमेंट-काँक्रीटचा, वरच्या मजल्यावरचा ब्लॉक मात्र गळतो आहे. दिवाणखान्यात दोन बादल्या आणि एक पातेलं आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय दर वर्षी निघतो आणि पाऊस संपल्यावर बघू असं ठरतं. काकांना सहज म्हटलं, चार दिवस आराम करायला मुंबईला या. ते म्हणाले, "कळवतो."

तेव्हा स्लॅबची गळती काढणारा खात्रीचा माणूस कोणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवावं. मजुरी बोलून ठरवू. आमसुलं वर देऊ.